ओळीचा आरंभ आणि वंशाची पायरी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘संगणकावरील लेखनात ओळींची मांडणी’ असा छापलेला पाहून, संमेलनाच्या मंगल प्रसंगी हा रुक्ष विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. माझ्याही मनात तो आला होता. परंतु कार्यकारी मंडळाने हा विषय मजवर सोपवला त्याला एक कारण आहे, आणि ते कारण म्हणजे माझ्याच हातून घडलेली एक चूक होय. ती चूक आपणांसमोर कबूल करावी, ती का घडली ते सांगावे, आणि पुढे हे काम ज्या तरुण मंडळींच्या हाती जाईल त्यांच्याकडून ती पुन्हा घडू नये म्हणून चार गोष्टी निवेदन कराव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या नामदेव शिंपी समाजातील कुटुंबांची सूची आणि वंशावळी एकत्र करून छापण्याचे काम संस्थेने हाती घेतले, तेव्हा टंकलेखनाचा भार मी आपण होऊन उचलला. आयुष्याची उमेदीची वर्षे कचेरीत टंकलेखन यंत्रापुढे गेली असल्यामुळे, हे काम आपल्याला सहज साधेल असा मला विश्वास होता. किंबहुना थोडा अभिमानच होता. संगणकावर मी वंशावळी उतरवल्या. मूळ पुरुषाचे नाव डाव्या कडेला, त्याच्या मुलांची नावे थोडी आत, नातवंडांची आणखी आत, अशा पायऱ्या पाडत गेलो. पडद्यावर त्या पायऱ्या सुबक दिसत होत्या. मजकूर छापखान्यात गेला, तेथे अक्षराचे वळण बदलले गेले, आणि पुस्तिका छापून घरोघर पोहोचली.

आठवड्याभरात एका वृद्ध काकूंचा निरोप आला की येऊन भेट. मी गेलो. त्यांनी चहा दिला, घरच्यांची विचारपूस केली, आणि मग पुस्तिका उघडून एका ओळीवर बोट ठेवले. म्हणाल्या, “अरे बाळ, जिला मी सारा जन्म जाऊ म्हणून वागवली, तिची तू मला एका ओळीत सून केलीस!”

पाहतो तो खरेच तसे झाले होते. त्यांच्या यजमानांचे नाव थोरल्या भावाच्या नावाच्या बरोबर खाली, त्याच उभ्या रेषेत यावयास हवे होते. ते दोन-तीन अक्षरांइतके आत सरकले होते. एवढ्याशा सरकण्याने धाकटा भाऊ थोरल्याचा मुलगा झाला होता, आणि त्याच्यामागून त्याचे सारे कुटुंब एक पिढी खाली उतरले होते.

काकू हसत बोलल्या. पण त्यांचे पती हयात नाहीत, आणि त्यांच्या नावाची छापील नोंद झाली ती अशी झाली, हे शल्य त्या हसण्यामागे होते. शिवाय त्यांचा नातू जातपडताळणीच्या अर्जाची तयारी करीत होता. त्या अर्जासोबत वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते, हे आपण जाणताच. आपल्या पुस्तिकेला कायद्याने पुराव्याचे मोल नाही. तथापि मुलगा तिच्यावर विसंबून कच्चा खर्डा करून बसला होता. आजीची नजर वेळीच पडली म्हणून बरे. अन्यथा शाळेच्या दाखल्यात एक आणि शपथपत्रात दुसरे, अशी विसंगती उभी राहिली असती, आणि ती निस्तरताना त्या मुलाची किती पायपीट झाली असती, याची कल्पना आपण करू शकता.

घरी आल्यावर मी संगणक उघडला. माझ्या मूळ प्रतीत एकही अक्षर चुकलेले नव्हते. नावे बरोबर होती, क्रमही बरोबर होता. चूक होती ती अक्षरांमध्ये नव्हे, तर अक्षरांपूर्वीच्या मोकळ्या जागेत. वंशावळीत कोण कोणाचा पुत्र हे कोणत्याही शब्दाने सांगितलेले नसते. ते केवळ ओळ कोठून सुरू होते यावरून कळते. तेथे कोरी जागाच बोलत असते.

आता ही जागा सरकली कशी, ते सांगतो. टंकलेखन यंत्राची रीत अशी की, अक्षर अरुंद असो की ऐसपैस, अक्षराची कळ दाबली की गाडी सारखेच अंतर पुढे सरकते. मोकळी जागा सोडणारी लांब पट्टी दाबली तरी तेवढेच अंतर. म्हणून पट्टी पाच वेळा दाबली की प्रत्येक ओळ नेमकी एकाच ठिकाणाहून सुरू होणार, यात शंका नसे. आम्ही जुने टंकलेखक मनातल्या मनात मोजत असू: तारखेसाठी चाळीस, सहीसाठी पंचेचाळीस, परिच्छेदासाठी पाच. हे गणित हातात इतके मुरले की, यंत्र गेले तरी गणित राहिले.

संगणकावर मात्र अक्षरे सारख्या रुंदीची नसतात. ‘र’ला त्याच्यापुरती जागा, ‘क्ष’ला त्याच्यापुरती. मोकळ्या जागेचीही रुंदी ठरलेली नाही; अक्षराचे वळण बदलले, आकार लहानमोठा केला, की तीही बदलते. मी काही ओळींत एक-दोन जागा अधिक घालून डोळ्यांना बरे दिसेपर्यंत ओळ सरकवली होती. छापखान्यात माझे जुन्या पद्धतीचे वळण जाऊन युनिकोडचे वळण आले आणि साऱ्या जागांची रुंदी पालटली. तात्पर्य, मी पायऱ्या बांधल्या नव्हत्या, केवळ पायऱ्यांचे चित्र काढले होते.

आपला धंदा सुईदोऱ्याचा. आपल्या भाषेत सांगावयाचे तर मी सारा अंगरखा कच्च्या टाक्यावर उभा केला होता. कच्चा टाका माप पाहण्यापुरता ठीक. पण त्यावर कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देणारा शिंपी आपल्यात कोणी असेल, असे मला वाटत नाही.

येथे थोडे मागे वळून पाहणे अनुचित होणार नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत दोन्ही बाजूंना समास आखून घेत आणि मधल्या जागेत मजकूर सलग लिहीत. परिच्छेद आत घेण्याची आजची चाल तेथे नव्हती. मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरे लोंबती लिहीत जात. शब्दाशब्दांतही फारसे अंतर नसे. पुढे छपाई आली. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि नागरी खिळ्यांच्या सुबकपणासाठी तो सर्वत्र नावाजला गेला. खिळ्यांच्या त्या छपाईतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे कोरी जागासुद्धा धातूचीच असे. अक्षराचा खिळा जसा उचलून बसवायचा, तसाच जागेचा ठोकळाही उचलून बसवायचा; तो उंचीला कमी, म्हणून त्याला शाई लागत नसे, इतकेच. ओळ दोन्ही कडांना नेमकी बसावी म्हणून जुळारी शब्दांच्या मध्ये बारीक पट्ट्या सरकवीत राही, आणि ओळ हलेनाशी झाली म्हणजेच ती पुरी झाली असे मानी. कोरी जागा हीही वस्तू आहे आणि तिचेही माप असते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. टंकलेखन यंत्राने ती जागा केवळ एका ठोक्यावर आणली. संगणकाने तिला पुन्हा माप दिले आहे. पण आमच्यासारखे लोक अजून ठोकेच मारीत बसले आहेत.

आता प्रत्यक्ष रीतीकडे येतो. आपल्या घरांतून साधारणतः दोन साधने वापरात आहेत: एक मायक्रोसॉफ्टचे वर्ड, आणि दुसरे विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस रायटर. मी सांगतो ती तत्त्वे दोहोंनाही लागू आहेत.

पहिली गोष्ट ओळी कोणत्या कडेला टेकवायच्या, ही. तिचे चार प्रकार आहेत: डावीकडे, उजवीकडे, मध्यभागी, आणि दोन्ही कडांना समान. कंट्रोलची कळ दाबून धरून अनुक्रमे एल, आर, ई आणि जे या कळा दाबल्या की तो तो प्रकार लागू होतो. पत्राच्या माथ्यावरचे ‘श्री’ मध्यभागी हवे, तर ई; तारीख आणि सही उजवीकडे हवी, तर आर. चाळीस वेळा पट्टी दाबण्याचे काम तेथे उरत नाही, आणि कागद लहान असो की मोठा, सही उजव्या कडेलाच राहते.

मध्यभागी टेकवण्याचा मोह मात्र आवरावा. लग्नपत्रिकेला ती रचना शोभते, शीर्षकाला शोभते. पण संपूर्ण निवेदन मध्यभागी टेकवले की प्रत्येक ओळीचा आरंभ डोळ्याला शोधावा लागतो. विशेषतः अभंगांच्या बाबतीत हे जपावे. नामदेवरायांचे अभंग आपण दर वर्षी स्मरणिकेत घेतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. चरण एकाखाली एक लिहून डावीकडे एका रेषेत टेकवले, की चौथा चरण आखूड पडलेला डोळ्याला दिसतो आणि म्हणणाऱ्याला आपोआप थांबा सापडतो. तेच मध्यभागी टेकवले की ही रचना झाकली जाते. सारा अभंग कडेपासून आत हवा असेल तर खुशाल घ्यावा. पण चरणांचे आरंभ एका रेषेत राहू द्यावेत.

दोन्ही कडांना समान रचना पुस्तकास भारदस्तपणा आणते, यात संशय नाही. परंतु आपल्या मराठीत लांबलचक सामासिक शब्द फार, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची सोय या साधनांत मराठीसाठी बहुधा चालू नसते. परिणामी अरुंद स्तंभात शब्दाशब्दांत भगदाडे पडतात. तेव्हा रुंद पानाला ही रचना वापरावी आणि दोन-तीन स्तंभांच्या सूचीला डावी रचनाच ठेवावी. आणखी एक खोड ध्यानात असू द्या. अशा परिच्छेदात शिफ्ट दाबून एन्टर मारला, तर परिच्छेद न संपता केवळ ओळ तुटते, आणि वर्डमध्ये ती अर्धीमुर्धी ओळ पानभर ताणली जाऊन तिच्यातले चार शब्द चार दिशांना उभे राहतात. परिच्छेद संपला असेल तर साधा एन्टर दाबावा, म्हणजे शेवटची ओळ ताणली जात नाही.

दुसरी गोष्ट ओळ आत घेण्याची. आपण कापड बेतताना शिलाईसाठी माया सोडतो. पानाचा समास ही पानाची माया. आणि त्या समासाच्याही आत एखादा परिच्छेद किती घ्यायचा, हे त्या परिच्छेदाचे स्वतःचे माप. पडद्यावर मजकुराच्या वर मोजपट्टी असते. ती दिसत नसेल तर ‘व्ह्यू’ या सदरातून दाखवून घ्यावी. तिच्या डाव्या टोकाशी वर आणि खाली असे दोन छोटे त्रिकोण आहेत. वरचा त्रिकोण सरकवला की परिच्छेदाची केवळ पहिली ओळ आत जाते. वर्डमध्ये खालचा सरकवला की पहिली ओळ जागच्या जागी राहून पुढच्या साऱ्या ओळी आत जातात. ठरावांचे आणि नियमांचे क्रमांक बाहेर ठेवून मजकूर एका रेषेत आणण्यासाठी ही रचना उत्तम. वर्डमध्ये खालच्या त्रिकोणाखाली एक चौकोन आहे. तो सरकवला की सारा परिच्छेद एकत्र आत जातो. उजव्या टोकाचा त्रिकोण उजवी कड आत घेतो. ज्यांना हाताने सरकवणे नको, त्यांनी ‘पॅराग्राफ’ या चौकटीत सेंटिमीटरांचे आकडेच लिहावेत. माप टेपने घेतलेले बरे की नजरेने, हे आपल्याला मी काय सांगावे?

नव्या वंशावळीत मी असेच केले आहे. पहिल्या पिढीला शून्य, दुसरीला एक सेंटिमीटर, तिसरीला दोन, चौथीला तीन. पट्टी एकदाही दाबलेली नाही. आता अक्षराचे वळण कोणतेही येवो, एक सेंटिमीटर हा एक सेंटिमीटरच राहणार. आणि धाकटा भाऊ थोरल्याच्या रेषेतच उभा राहणार.

तिसरी गोष्ट टॅबच्या कळेची. ही कळ टंकलेखन यंत्रावरूनच आलेली आहे. तेथे कोष्टके पाडण्यासाठी गाडीला ठरावीक ठिकाणी थांबवणारे अडसर लावीत असत. संगणकावर अडसर आपण नेमले नाहीत, तर ती कळ साधारण अर्ध्या अर्ध्या इंचावर थांबत जाते, आणि लोक तीच पुन्हापुन्हा दाबून आकडे एकाखाली एक आणू पाहतात. त्याऐवजी मोजपट्टीवर हवा तेथे एकच थांबा नेमावा. वर्गणीदारांच्या यादीत नावानंतर रक्कम लिहायची असेल, तर उजव्या कडेला उजव्या जातीचा थांबा नेमावा. म्हणजे १०१, ५०१ आणि ५००१ या रकमांचे एकक एकाखाली एक येते आणि बेरीज तपासता येते. नाव आणि रक्कम यांच्यामध्ये टिंबांची ओळ हवी असल्यास तीही त्याच थांब्याला सांगता येते. टिंबे हाताने मारू नयेत. रकाने दोनांहून अधिक असतील तर सरळ कोष्टक घालावे. शिष्यवृत्तीच्या यादीत एका विद्यार्थ्याची रक्कम दुसऱ्याच्या नावासमोर जाऊन बसली, तर ती केवळ छपाईची चूक राहात नाही.

चौथी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती म्हणजे शैली, अर्थात ‘स्टाइल’. अनुभवी शिंपी एकाच मापाचे पन्नास सदरे बेतताना प्रत्येक वेळी टेप घेत नाही. तो कागदाचा एक फर्मा कापून ठेवतो. तद्वत् येथे ‘दुसरी पिढी’ या नावाची एक शैली करून ठेवावी. तिच्यात कड, माप, अक्षराचा आकार, सारे एकदाच नोंदवावे, आणि त्या पिढीच्या प्रत्येक ओळीला ती लावावी. उद्या मंडळाने ठरवले की पायरी एक सेंटिमीटरची नको, पाऊण हवी, तर फर्मा बदलायचा. शेकडो ओळी आपोआप बदलतात. आणि याहून मोठा लाभ असा की, माझ्यानंतर जो हे काम हाती घेईल, त्याला ही ओळ दुसऱ्या पिढीची आहे हे शैलीच्या नावावरूनच कळेल. माझ्या मनातले मोज त्याला ओळखत बसावे लागणार नाही.

अखेरीस तपासणीचा एक मार्ग सांगतो. आपल्याकडे जुने कारागीर कपडा हाती आला की आधी उलटा करीत. बाहेरून सारेच चांगले दिसते; शिवण कशी आहे ते आतल्या बाजूने कळते. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट यांच्यासह आठाची कळ दाबली, किंवा रायटरमध्ये कंट्रोलसह एफ-१० दाबली, की मजकुराची उलटी बाजू दिसू लागते. जेथे मोकळी जागा टाकली आहे तेथे बारीक टिंब दिसते, जेथे टॅब आहे तेथे बाण, आणि जेथे परिच्छेद संपला तेथे त्याची खूण. माझी पहिली वंशावळ मी अशी उलटून पाहिली, तेव्हा पानभर टिंबांच्या रांगा पसरलेल्या दिसल्या. तो कच्चा दोरा पाहून मला माझीच लाज वाटली. मजकूर छापखान्यात देण्यापूर्वी प्रत्येकाने तो एकदा उलटून पाहावा. ओळीच्या आरंभी टिंबांची रांग दिसली, तर ती उसवून तेथे माप घालावे. असे उसवणे कंटाळवाणे असते खरे. पण छापून झाल्यावर उसवण्यापेक्षा ते सोपे असते.

मित्रहो, काही मंडळी म्हणतील की हा सारा वरवरच्या देखणेपणाचा खटाटोप आहे, आणि मजकूर बरोबर असला म्हणजे पुरे. एरवी मीही तसेच म्हटले असते. परंतु माझा मजकूर बरोबर होता आणि नोंद चुकीची झाली, हे मी आपल्याला सांगितलेच. आपल्या वाडवडिलांच्या स्मृती पूर्वी तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत आणि घरातल्या वृद्धांच्या तोंडी राहात. आज त्या संगणकातल्या एका फाइलीत राहतात, आणि ती फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ज्याच्या हाती ती जाईल, त्याला काकूंचे यजमान ठाऊक नसतील. त्याच्यापुढे फक्त ओळ असेल आणि ती कोठून सुरू होते एवढेच असेल. तेवढे तरी आपण त्याला खरे द्यावे.

सुधारलेली वंशावळ या स्मरणिकेसोबत जोडली आहे. तिच्यात मंडळाच्या ठरावाप्रमाणे मुलींची आणि सुनांचीही नावे त्या त्या पायरीवर घेतली आहेत. छापण्यापूर्वी तिची एक प्रत घेऊन मी पुन्हा काकूंकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला, पट्टी मागितली, आणि दोन्ही भावांच्या नावांच्या कडेला ती उभी लावून पाहिली. नावे एका रेषेत होती. “आता जाऊ ती जाऊ राहिली,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

आपणही आपापल्या घराण्याच्या पानावर एकदा पट्टी लावून पाहावी, आणि कोठे काही सरकलेले दिसल्यास संस्थेच्या कार्यालयात लेखी कळवावे, अशी माझी नम्र विनंती आहे. हे काम पुढे चालवण्यासाठी दोन-चार तरुण मुलामुलींनी नावे दिली, तर मला माहीत असलेले सारे त्यांना शिकवण्यास मी आनंदाने तयार आहे.